दिवसांच्या मापानं बांधायचं घर

७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठानं एक आदेश दिला आणि हातकणंगलेच्या रेल्वे फलाटावर सावली बघून झोपणारी कुत्री एकदम देशाच्या कायद्याचा विषय झाली. आदेश साऱ्या देशासाठी होता. शाळा-कॉलेजं, दवाखाने, क्रीडासंकुलं, एस.टी. स्टँड आणि रेल्वे स्टेशनं यांच्या आवारातली भटकी कुत्री स्थानिक स्वराज्य संस्थांनी धरावीत, त्यांची नसबंदी करावी, रेबीजची लस टोचावी आणि पुन्हा त्याच आवारात न सोडता त्यांना निवाऱ्यात न्यावं. हातकणंगलेत स्टेशन आहे, स्टँड आहे, शाळा आहेत, दवाखाना आहे आणि कारभार पाहायला नगरपंचायत आहे. आदेशातला ‘निवारा’ मात्र कागदावर लिहिण्याइतका सोपा नाही.

तालुकाही लहान नाही. इचलकरंजीची महानगरपालिका याच तालुक्यात, पेठवडगाव आणि हुपरीच्या नगरपालिकाही इथल्याच. २०१९ च्या पशुगणनेत एकट्या महाराष्ट्रात पावणेतेरा लाखांच्या घरात भटकी कुत्री मोजली गेली. त्यातली आपल्या वाट्याची ठेवायला जागा किती लागेल, हा प्रश्न कुणीही आधी विचारेल. पिंजरे किती बांधायचे? पन्नास? शंभर? या विषयात मला सगळ्यात आधी थक्क केलं ते यानं, की या प्रश्नाचं उत्तर पिंजऱ्यांच्या हिशेबात देताच येत नाही. ते दिवसांच्या हिशेबात द्यावं लागतं.

जॉन लिटल या अमेरिकन अभ्यासकानं १९६१ साली एक साधं सूत्र सिद्ध केलं. एखाद्या जागेत माणसं, माल, वाहनं सतत येत-जात असतील तर तिथं एका वेळी सरासरी किती सापडतील? रोज किती येतात, गुणिले प्रत्येकजण सरासरी किती दिवस थांबतो. बस, एवढंच. बँकेतली रांग, इस्पितळातल्या खाटा, गोदामातला माल, सगळीकडे हे लागू पडतं. कुत्र्यांच्या निवाऱ्यालाही पडतं. समजा, गाडीतून रोज तीन कुत्री येतात. प्रत्येक कुत्रं दोन महिने राहिलं तर आत १८० कुत्री असणार. तीच गाडी, तीच रोजची तीन कुत्री, तेच कर्मचारी. पण मुक्काम १५ दिवसांवर आणला की आत फक्त ४५. एक वीटही न चढवता तो निवारा चौपट मोठा झाला.

आता दुसऱ्या टोकाला जाऊन बघा. आठवड्याला फक्त एक कुत्रं आणायचं, पण ते कायमचं ठेवायचं. नीट सांभाळलं तर ते दहा वर्षं जगेल. वर्षाचे ५२ आठवडे, गुणिले १०. आठवड्याला एकाच कुत्र्यानं सुरुवात करून दहा वर्षांनी दाराआड ५२० कुत्री! या आकड्यापुढे कुठल्याही नगरपंचायतीचं अंदाजपत्रक टिकणार नाही आणि कुठल्याही कुत्र्याला माणसाचा हात लागणार नाही. म्हणून माझ्या मते अशा इमारतीच्या नकाशावर पहिली रेघ ओढायची ती बाहेर पडण्याच्या दाराची.

आपल्याकडे जनावरं ठेवायच्या दोन जुन्या व्यवस्था आहेत आणि या गणितात त्या दोन्ही अगदी विरुद्ध टोकांना उभ्या आहेत. पहिली कोंडवाडा. ऊस-जोंधळ्यात शिरलेलं मोकाट जनावर धरून कोंडवाड्यात घालायचं, ही पद्धत १८७१ च्या कायद्यानं बांधून दिली. मालकानं दंड आणि वैरणीचा खर्च भरला की जनावर सुटायचं. सात दिवसांत कुणी आलं नाही तर पुकारा करून नोटीस, पुन्हा सात दिवस वाट, आणि मग लिलाव. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पीक होतं, जनावराची माया नव्हती. तरी त्यांनी मुक्कामाचे दिवस मोजून ठेवले होते. चार दगडी भिंतींचा, छप्पर नसलेला कोंडवाडासुद्धा कधी तुंबत नसे, त्याचं कारण हे.

दुसरी व्यवस्था पांजरपोळ. तिच्यामागची गोष्ट मुंबईतली आहे आणि ती कुत्र्यांपासूनच सुरू होते. कंपनी सरकारनं मोकाट कुत्री मारायचा हुकूम काढला होता आणि मारणाऱ्या शिपायांना कुत्र्यामागे बक्षीस मिळत होतं. ६ जून १८३२ रोजी फोर्टात पारशी रहिवासी या शिपायांवर धावून गेले. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. जैन आणि हिंदू व्यापारीही सामील झाले. मुंबईच्या इतिहासातली ही पहिल्या काही दंगलींपैकी एक, आणि ती कुत्र्यांच्या जिवासाठी झाली. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि मोतीशा शेठ म्हणून ओळखले जाणारे मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकारानं मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. भुलेश्वरातली ती जागा आजही आहे. लंडनमधलं बॅटरसीचं कुत्र्यांचं घर, ज्याचा दाखला जगभर देतात, ते १८६० सालचं. म्हणजे भटक्या कुत्र्यांसाठी निवारा बांधण्यात मुंबई लंडनच्या २६ वर्षं पुढे होती. आपल्या शाळेच्या पुस्तकांत हे वाक्य असायला हवं होतं.

पांजरपोळीत आलेलं जनावर बहुधा तिथंच म्हातारं होतं. तिच्या पोटी असलेली करुणा खरी आहे, हातकणंगले तालुक्याला ती चांगली ओळखीची आहे. कुंभोजजवळचं बाहुबली, आळत्याचं कुंथुगिरी ही जैन तीर्थं इथलीच. पण करुणेला बाहेरचं दार नसेल तर तिची भांडी लवकर अपुरी पडतात. नव्या निवाऱ्याला कोंडवाड्याचे मोजलेले दिवस हवेत आणि पांजरपोळीचं मन हवं.

कायद्यानं या गणिताची एक बाजू आधीच सोडवून ठेवली आहे. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ सांगतात, की रस्त्यावरचं कुत्रं धरायचं, सहा महिन्यांहून मोठं असेल तर नसबंदी करायची, लस द्यायची, शस्त्रक्रियेनंतर निदान चार दिवस काळजी घ्यायची आणि जिथून उचललं तिथंच सोडायचं. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हाच मार्ग कायम ठेवला. अपवाद रेबीज झालेल्या, संशयित आणि आक्रमक कुत्र्यांचा, आणि नोव्हेंबरच्या आदेशापासून वर सांगितलेल्या आवारांतल्या कुत्र्यांचा. कानाला खाच दिसली की समजावं, या कुत्र्याचं काम झालेलं आहे.

त्याच जागी सोडण्यामागे फार सुंदर तर्क आहे. कुत्र्याला गल्ली असते. तो गल्लीतल्या प्रत्येक माणसाला वासानं ओळखतो आणि परक्या कुत्र्याला आत येऊ देत नाही. त्याला कायमचं उचललं तर उकिरडा तिथंच राहतो, खाटकाच्या दुकानामागचे तुकडे तिथंच राहतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत शेजारच्या गल्लीतून नवं, लस न टोचलेलं कुत्रं येतं. लस टोचलेला, पिल्लं न होणारा जुना राखणदार असा गल्लीच्या फायद्याचा असतो. जयपूरमध्ये १९९४ पासून हे काम एका संस्थेनं चिकाटीनं केलं. त्यांच्या भागातल्या सुमारे ६५ टक्के कुत्र्या नसबंदी आणि लसीच्या कक्षेत आल्या, तेव्हा काही वर्षांत कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी घटली आणि त्या भागात माणसाला रेबीज होणं थांबलं.

आपल्या अगदी शेजारी गोव्यात तर याहून मोठं काम झालं. मिशन रेबीज या संस्थेच्या पथकांनी हातातली जाळी घेऊन गल्लोगल्ली धावत वर्षाला ९५ हजारांच्या आसपास कुत्र्यांना लस दिली आणि प्रत्येक टोचणीची जागा मोबाइलवर नोंदवली. कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी खाली आला. जून २०२१ मध्ये गोवा देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं, तेव्हा तिथं सलग तीन वर्षं एकाही माणसाचा रेबीजनं मृत्यू झालेला नव्हता. आंबोली घाटाखालचं हे राज्य आहे. सातासमुद्रापलीकडे जायला नको.

म्हणजे हातकणंगलेच्या निवाऱ्यात येणाऱ्या जनावरांचे प्रवाह चार. गल्लीतून येणारी आणि काही दिवसांत गल्लीत परतणारी कुत्री. शाळा-स्टँडवरून उचललेली, तिथं परत न जाणारी, ज्यांना घर शोधायचं आहे ती. चावलेली किंवा पिसाळल्याचा संशय असलेली. आणि पिल्लं, मांजरं, अपघातात सापडलेली. या चारही प्रवाहांची पाणी एकमेकांत मिसळता कामा नयेत, आणि इथं वास्तुरचनेची खरी गंमत सुरू होते, कारण मिसळणारं पाणी कधी खरोखरचं पाणी असतं, कधी हवा, कधी आवाज, तर कधी झाडूचे केस.

पाण्यापासून सुरुवात करू. गोठा बांधणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला माहीत असतं, की फरशीला मागं उतार हवा आणि कडेनं मोरी हवी. कुत्र्यांच्या खोलीला दर चार फुटांना एक इंच उतार पुरतो. फरक एवढाच, की गोठ्यातली एकच मोरी सगळ्या जनावरांमागून वाहते आणि इथं तसं चालत नाही. पहिल्या खोलीतलं धुतलेलं पाणी दुसऱ्या खोलीसमोरून गेलं की पहिल्याचा आजार दुसऱ्याच्या पायाला लागला. प्रत्येक खोलीचं पाणी तिथल्या तिथं जमिनीखाली उतरलं पाहिजे. भिंत आणि फरशी जिथं मिळतात तिथं काटकोन न ठेवता गोलाई द्यायची, म्हणजे कोपऱ्यात घाण बसत नाही.

आता कोपऱ्यातल्या घाणीत काय असतं ते ऐका. रेबीज हा माणसाला माहीत असलेला सगळ्यात जीवघेणा आजार. लक्षणं दिसू लागली की जवळपास कुणीच वाचत नाही. पण त्याचा विषाणू शरीराबाहेर अगदी दुबळा असतो. त्याच्याभोवती चरबीचं आवरण असतं, आणि चरबी साबणानं विरघळते. उन्हानं, सुकण्यानं तो मरतो. कुत्रं चावल्यावर जखम पंधरा मिनिटं साबण-पाण्यानं धुवायला सांगतात, त्यामागचं एक मोठं कारण हेच आहे. धुऊन लगेच लस घ्यायचीच. याच्या अगदी उलट पार्व्हो. माणसाला तो काही करत नाही, पण पिल्लांना रक्ताच्या हगवणीनं दोन-तीन दिवसांत मारतो. १९७८ च्या सुमारास तो जगासमोर आला आणि दोनेक वर्षांत पृथ्वीभर पसरला. त्याच्याभोवती चरबीचं आवरण नाही, म्हणून साबण त्याला काही करू शकत नाही. मातीत तो वर्षभर टिकतो. ज्या मातीच्या अंगणात पार्व्होचं पिल्लू एकदा बसलं, तिथं पुढच्या पावसाळ्यातलं पिल्लूही मरू शकतं.

म्हणजे ज्याला आपण थरथर कापतो तो फरशीवरून सहज धुतला जातो, आणि ज्याचं नावही बहुतेकांनी ऐकलेलं नाही तो निवाऱ्याच्या पायापासून छपरापर्यंत सगळं ठरवतो. पिल्लांसाठी मातीचं अंगण नको, घोटीव फरशी हवी, ती याच्यामुळं. आधी घाण काढून, साबणानं घासून, मग एक भाग ब्लीच आणि ३१ भाग पाणी दहा मिनिटं ठेवायचं, कारण घाणीवर ओतलेलं ब्लीच वाया जातं. आपल्या सरकारी इमारतींचा ओळखीचा वास म्हणजे फिनेल. ते पार्व्होवर भरवशाचं नाही आणि त्या जातीची रसायनं मांजरांना विषारी असतात. मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाहीत. साफसफाईचा क्रमही ठरलेला. आधी निरोगी पिल्लं, मग निरोगी मोठी कुत्री, आजारी सगळ्यात शेवटी, आणि प्रत्येक भागाचा खराटा, बादली, गमबूट वेगळे. हातकणंगलेतला एखादा सफाई कामगार हा क्रम पाळतो की नाही यावर शेकडो पिल्लांचा जीव ठरणार आहे. त्याच्या पगारात आणि प्रशिक्षणात काटकसर करू नये, असं मी अगदी कळकळीनं म्हणेन.

संशयित कुत्र्याच्या खोलीचं माप पुन्हा दिवसांतच आहे. दहा दिवस. रेबीजचा विषाणू चाव्याच्या जागेपासून मज्जातंतूंच्या वाटेनं हळूहळू मेंदूकडे सरकतो, कधी आठवडे, कधी महिने. मेंदूत पोचल्यावरच तो लाळेत उतरतो, आणि त्यानंतर कुत्रं काही दिवसांतच मरतं. म्हणून चावलेलं कुत्रं दहा दिवसांनी धडधाकट असेल, तर चावलं त्या दिवशी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं खात्रीनं म्हणता येतं. एका खोलीत दहा दिवस शांतपणे बसलेलं कुत्रं म्हणजे प्रयोगशाळेशिवाय मिळालेला पुरावा. या खोलीत अन्न-पाणी बाहेरूनच सरकवता आलं पाहिजे, जाळी इतकी बारीक हवी की तोंड बाहेर येऊ नये, आणि खोली येण्याजाण्याच्या वाटेवर नको.

हवा. अमेरिकेतल्या निवारा-पशुवैद्यांच्या संघटनेनं २०१० मध्ये जी मानकं लिहिली, त्यांत खोलीतली हवा तासाला १० ते २० वेळा बदलावी असं सांगितलं आहे. तिकडं त्यासाठी यंत्रं लागतात. आपल्याकडं खाली जाळीच्या खिडक्या, वर छपराच्या कण्याशी उघडी फट, आणि नैर्ऋत्येचा पाऊस अडवणारी लांब पडवी, एवढ्यानं बरंच काम होतं; गरम हवा आपणच वर जाते. एप्रिल-मेमध्ये नुसत्या पत्र्याखाली मात्र कुणालाच ठेवू नये. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, ते जिभेनं आणि धापेनं गार होतं.

आवाजाबद्दल इचलकरंजीकरांना वेगळं सांगायला नको. यंत्रमागाच्या चालू शेडमध्ये शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तेवढा गोंगाट भरलेल्या कुत्रेखान्यात होतो. मोजणी करणाऱ्यांना १०० डेसिबलच्या वरचे आकडे मिळाले आहेत. माणसानं दिवसभर काम करायची मर्यादा ८५ मानतात. कुत्र्याचा कान तर आपल्याहून तिखट, ४५ हजार हर्ट्झपर्यंत ऐकणारा. आपली धाव वीस हजारांपर्यंत. अमेरिकेत १४ कुत्र्यांची श्रवणशक्ती कुत्रेखान्यात सहा महिने तपासत राहिले, तेव्हा चौदाच्या चौदा कुत्र्यांच्या ऐकण्यात फरक पडलेला आढळला. म्हणजे निवाराच त्यांना बहिरं करत होता.

यावरचा उपाय मजेशीर आहे. कुत्रं बहुतेकदा दुसऱ्या कुत्र्याला पाहून भुंकतं. समोरासमोर पिंजऱ्यांच्या दोन रांगा, मध्ये बोळ, ही आपल्या सगळ्यांच्या मनातली रचना म्हणजे भुंकण्याचं यंत्रच. दारं एकमेकांसमोर येऊ न देता सरकवली, मधल्या भिंती कुत्र्याच्या उंचीपर्यंत भरीव ठेवल्या, रांगा लहान केल्या की भुंकणं आपोआप उतरतं. ॲमस्टरडॅममध्ये अरोन्स एन गेलाउफ या वास्तुरचनाकारांनी २००७ मध्ये १८० कुत्र्यांचं आणि ४८० मांजरांचं घर बांधलं. कालव्याकाठच्या चिंचोळ्या जागेत त्यांनी खोल्यांची लांब पट्टी दुमडून आत अंगणं तयार केली आणि इमारतीचं बाहेरचं अंग बंद ठेवलं. भुंकणं अंगणात राहतं, शेजारी झोपू शकतात.

आपल्या तालुक्याकडे याहून जवळचा एक खजिना आहे. हुपरीचा जवाहर, नरंद्याचा शरद, असे साखर कारखाने इथं बगॅसचे डोंगर लावतात. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या लुइझियानात याच उसाच्या चिपाडापासून दाबलेले तक्ते बनवून ते घरांच्या छतांना आणि नाट्यगृहांना लावले जात, कारण त्यातल्या पोकळ धाग्यांत उष्णता आणि आवाज दोन्ही अडकतात. पाऊस आणि कुत्र्याचे दात पोचणार नाहीत अशा उंचीवर, छताच्या आतल्या बाजूला असे तक्ते लावले तर हातकणंगलेचा ऊस हातकणंगलेच्या कुत्र्यांचे कान वाचवेल. अंथरायला इचलकरंजीच्या मागांवरच्या चिंध्या आहेतच.

जागा निवडताना एकच अट मी कुठल्याही तडजोडीशिवाय पाळेन. उत्तरेला वारणा, दक्षिणेला पंचगंगा. २०१९ आणि २०२१ चे महापूर ज्यांनी पाहिले त्यांना काठची स्वस्त, रिकामी जमीन रिकामी का असते ते माहीत आहे. पिंजऱ्यात कोंडलेल्या जनावराला पोहत जाता येत नाही. निवारा रामलिंगाच्या डोंगराकडच्या मुरमाड उंचवट्यावर हवा. काळ्या रानात तर फरशा दोन पावसाळ्यांत भेगाळतात आणि भेगेत काय राहतं ते वर सांगितलंच. उंचावर असलेला निवारा पुराच्या दिवसांत तालुक्यातल्या लोकांची कुत्री-मांजरंही ठेवून घेऊ शकेल.

पण या सगळ्यांत मला जास्त ओढ लावली ती दुहेरी खोलीनं. एका मोठ्या खोलीऐवजी दोन लहान खोल्या आणि मध्ये दोरीनं वर उचलायचं सरकतं दार. कुत्रं एका बाजूला खातं, झोपतं. दुसऱ्या बाजूला शौच करतं. कुत्र्याला आपल्या झोपायच्या जागी घाण करणं आवडत नाही. एका खोलीत कोंडल्यावर त्याला ते करावं लागतं आणि त्यानं ते खचतं. दोन खोल्या असल्या की त्याला स्वच्छ राहता येतं. सफाई कामगार दोरी ओढून त्याला एका बाजूला करतो, दुसरी बाजू धुतो. कुत्र्याला गळ्यात फास टाकून ओढावं लागत नाही, चावायचा प्रसंग येत नाही, आजार हातोहात पसरत नाही, वेळ निम्मा लागतो. एका साध्या दारानं पशुवैद्य, कामगार आणि कुत्रं तिघांचंही भलं होतं.

मांजरांचं तर याहून स्वस्तात होतं. हॉलंडमधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी निवाऱ्यात नव्यानं आलेल्या १९ मांजरांपैकी काहींना लपायला पेटी दिली, काहींना नाही. पेटीवाली मांजरं तिसऱ्या-चौथ्या दिवशीच सावरलेली दिसली. बाकीच्यांना पुष्कळ जास्त दिवस लागले. ताण कमी म्हणजे शिंका आणि सर्दी कमी, म्हणजे मुक्काम कमी, म्हणजे पुन्हा लिटलचं सूत्र. किराणा दुकानातल्या रिकाम्या खोक्यानं मांजराचा आजारही टळतो आणि नगरपंचायतीची एक खोलीही वाचते.

कुत्र्याच्या मनाचं मोजमापही झालेलं आहे. निवाऱ्यातल्या पहिल्या तीन दिवसांत त्याच्या रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, घरच्या कुत्र्याच्या जवळपास तिप्पट आढळलं. पुढं अमेरिकेतल्या पाच निवाऱ्यांत कुत्र्यांना एक-दोन रात्री एखाद्या घरी पाठवून पाहिलं. त्या रात्रींत कॉर्टिसॉल उतरलं. परत आल्यावर ते पहिल्याइतकं झालं, आधीपेक्षा वाढलं नाही. दोन रात्रींच्या पाहुणचारासाठी दत्तक घ्यायची तयारी लागत नाही. आणि त्या दोन रात्रींत ते घरात कसं वागतं, मुलांशी कसं असतं, हे जे कळतं ते पिंजऱ्याबाहेर उभं राहून कधीच कळत नाही.

घर शोधायची खोली म्हणूनच निवाऱ्याच्या अगदी पुढच्या भागात, रस्त्याकडे तोंड करून हवी. फ्लॉरिडा विद्यापीठातल्या अभ्यासात दिसलं, की लोक बाहेर काढलेल्या कुत्र्याबरोबर सरासरी आठेक मिनिटं घालवतात आणि तेवढ्यात ठरवतात. रंग, केस यांनी फार फरक पडला नाही. माणसानं चेंडू दाखवल्यावर जे कुत्रं खेळायला आलं आणि मग शेजारी येऊन पडून राहिलं, ते घरी गेलं. हे समजल्यावर खोली कशी असावी ते उमगतं. लहान, शांत, बसायला सतरंजी, दुसरं कुत्रं नजरेला पडणार नाही अशी, हुंगत फिरायला फार काही नसलेली. अशा खोलीत कुत्र्याला माणसाजवळ येण्यावाचून दुसरा उद्योग राहत नाही.

पिल्लांचा वेळ आणखी कमी असतो. जॉन स्कॉट आणि जॉन फुलर यांनी वर्षानुवर्षं पिल्लं पाहून १९६५ मध्ये मांडलं, की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जग ओळखायला शिकतं. माणसं, मुलं, सायकल, शिट्टी, कुकर जे त्या काळात भेटेल ते त्याला आयुष्यभर आपलं वाटतं. ते आठवडे पिंजऱ्यात गेले तर ते परत आणता येत नाहीत. पिल्लासाठी उत्तम निवारा म्हणजे कुणाचं तरी घर, महिनाभरासाठी का होईना.

इथली माणसं जनावरांवर जीव लावतात, हे सिद्ध करायची गरज उरलेली नाही. जुलै २०२५ मध्ये शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या नांदणी मठाची महादेवी हत्तीण जामनगरला न्यायचा आदेश आला, तेव्हा सारा परिसर रस्त्यावर आला आणि कोल्हापूर जिल्हा महिनाभर दुसरं काही बोलत नव्हता. त्या ओढीला रोजचं, लहानसं काम हवं आहे. गावठी कुत्रं आपल्या हवेत घडलेलं, काटक, आखूड केसांचं, घरच्या भाकरीत अंडं मिसळून दिलं तरी तब्येत राखणारं. हजारो रुपये देऊन आणलेल्या, उन्हात धापा टाकणाऱ्या परदेशी जातींपेक्षा ते या तालुक्यात सुखानं जगतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

हातकणंगले, हुपरी, पेठवडगाव आणि इचलकरंजी यांनी चार अपुरे निवारे बांधण्यापेक्षा मिळून एक नीट बांधावा. नकाशा सभेपुढे येईल तेव्हा तिथल्या नगरसेवकांना, मुख्याधिकाऱ्यांना आणि जनावरांच्या डॉक्टरांना वाचकांनी दोन गोष्टी विचाराव्यात. प्रत्येक प्रवाहातलं जनावर सरासरी किती दिवस आत राहील असं धरलं आहे? आणि तेवढ्या दिवसांत ते बाहेर कसं जाईल? आपल्या दारात कुत्रं हवं असेल, तर निवारा उभा राहिल्यावर आधी तिथं जाऊन बसा, आणि कानाला खाच असलेलं एखादं मोठं गावठी कुत्रं दोन रात्रींसाठी घरी मागून घ्या.